हडसनखालचा वारा

१९१७-१८ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कचे बंदर गोठले. हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीच्या रेल्वे यार्डांत, कोळशाच्या वाघिणी भरून उभ्या होत्या आणि अलीकडे मॅनहॅटनमध्ये लोक कुडकुडत होते. मध्ये जेमतेम मैलभर पाणी. माणसांसाठी नदीखालून रेल्वेचे बोगदे होते, पण घोडागाड्या आणि नव्याने वाढू लागलेले ट्रक यांची सगळी भिस्त फेरीबोटींवर होती. बर्फात बोटी अडकल्या तसे शहराचे चुलाणे विझले. नदी ओलांडायला पूल बांधावा की बोगदा खणावा, हा घोळ दोन्ही राज्यांचे आयोग १९०६ पासून घालत बसले होते. पुलाखालून मोठी जहाजे जायची तर तो फार उंच हवा, उंच पुलाला लांबलचक उतार हवेत आणि उतारांसाठी मॅनहॅटनमधली सोन्याच्या भावाची जमीन हवी. हिशेब बोगद्याच्या बाजूने झुकत होताच. त्या हिवाळ्याने घाई केली.

पनामा कालवा तडीस नेणारे जॉर्ज गोथल्स यांनी एक आराखडा सुचवला होता. काँक्रीटचा एकच भलामोठा नळ, त्यात वर-खाली दोन मजले, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. कालव्याच्या कर्त्याचे नाव मोठे होते, त्यामुळे आराखड्याला वजनही होते. १९१९ मध्ये मुख्य अभियंता म्हणून नेमला गेलेला क्लिफर्ड हॉलंड हा ३६ वर्षांचा तरुण मात्र बधला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात जन्मलेल्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या या माणसाची उमेदीची सगळी वर्षे न्यूयॉर्कच्या नद्यांखाली भुयारी रेल्वेचे बोगदे खणण्यात गेली होती. नदीतळाचा चिखल त्याला ठाऊक होता. त्याने बिडाच्या कड्यांचे दोन स्वतंत्र नळ सुचवले, प्रत्येकाचा व्यास साडेएकोणतीस फूट. बरीच खडाजंगी झाली आणि हॉलंडचे म्हणणे टिकले.

चिखलातून नळ पुढे सरकवायचा कसा, हे तोवर ठाऊक झाले होते. लोखंडी ढाल, मागे दाबाखालची हवा आणि त्या दाबात उतरणारे मजूर, ही पद्धत जुनी होती. नवा प्रश्न धुराचा होता. लंडनमध्ये थेम्सखाली ब्लॅकवॉलचा बोगदा १८९७ पासून आणि रॉदरहाइदचा १९०८ पासून वापरात होता, पण ते खणले तेव्हा मुख्य वर्दळ घोड्यांची होती. हॉलंडचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आणि निव्वळ मोटारींचा. पेट्रोलच्या इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस गुदमरतोय हे त्याचे त्यालाही कळत नाही. हजारो गाड्या एका बंद नळातून जाऊ लागल्या तर किती वायू साठेल आणि माणूस त्यातला किती सोसेल, याचे उत्तर तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते.

हा बोगदा उभारणाऱ्या माणसांचे मला सर्वांत कौतुक वाटते ते इथे. त्यांनी अंदाज बांधले नाहीत. मोजायला सुरुवात केली.

काम तीन ठिकाणी वाटले गेले. पहिले अमेरिकेच्या खाण विभागाकडे, पिट्सबर्गला. तिथल्या शास्त्रज्ञांनी शंभरावर मोटारी आणि ट्रक प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून, चढावर, उतारावर आणि जागीच इंजिन चालू ठेवून, त्यांच्या धुराचे नमुने तपासले. जाता जाता एक गोष्ट उघड झाली. बहुतेक गाड्यांचे कार्बोरेटर नीट लावलेलेच नव्हते. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात होते आणि मालकाच्या पैशाने तयार झालेला विषारी वायू धुराड्यातून बाहेर पडत होता.

दुसरे काम येल विद्यापीठात, शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांच्याकडे. त्यांनी हवाबंद खोली उभारली, तिच्यात मोजून-मापून कार्बन मोनॉक्साइड सोडला आणि सहकाऱ्यांना व स्वयंसेवकांना आत बसवले. स्वतःही बसले. कितव्या मिनिटाला डोके जड होते, रक्तात किती वायू मुरतो, बाहेर आल्यावर किती वेळात उतरतो, सगळे टिपले गेले. हवेच्या दहा हजार भागांत चार भाग वायू असेल तर तासभरात माणसाला जाणवण्याजोगा त्रास होत नाही. त्याहून वाढला की डोकेदुखी सुरू होते. बोगदा पार करायला तर काही मिनिटेच लागणार होती. दहा हजारांत चार हा आकडा मग आराखड्याचा पाया झाला. आजच्या नजरेने पाहिले तर तो फारच सैल आहे, पण आकडा असणे हेच तेव्हा नवे होते.

तिसरे काम इलिनॉय विद्यापीठात. काँक्रीटच्या लांब वाहिनीतून हवा ढकलताना घर्षणाने किती जोर वाया जातो, हे मोजायला तिथे खास वाहिनी बांधली गेली. याशिवाय पिट्सबर्गजवळच्या ब्रूसटन इथे खाण विभागाने जमिनीखाली ४०० फुटांचा गोलाकार बोगदा खणला, त्यात मोटारी फिरवल्या आणि हवा खालून वर, वरून खाली अशी आलटून-पालटून सोडून पाहिली.

या सगळ्या आकड्यांना आकार दिला तो ओले सिंगस्टाड या नॉर्वेहून आलेल्या अभियंत्याने. बोगद्यात हवा खेळवायची सोपी रीत म्हणजे एका तोंडातून फुंकायची आणि दुसऱ्यातून बाहेर काढायची. चुलीतल्या फुंकणीसारखी. पण एवढ्या लांबीत आणि एवढ्या गाड्यांसाठी तसे करायचे तर रस्त्यावर वादळ उठवावे लागले असते. शिवाय पहिल्या गाडीचा धूर शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्यांच्या नाकाखालून गेला असता. सिंगस्टाडने वारा आडवा केला. गोल नळाच्या मधल्या भागातून रस्ता जातो, त्यामुळे रस्त्याखाली एक पोकळी उरते आणि छताच्या वर एक. खालच्या पोकळीतून ताजी हवा आणायची, रस्त्याच्या कडेच्या फटींतून ती अलगद आत सोडायची, गाड्यांच्या धुरासकट वर जाऊ द्यायची आणि छतातल्या झरोक्यांतून वरच्या पोकळीत ओढून घ्यायची. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला आपली ताजी हवा मिळते आणि आपली घाण वर जाते. बोगद्याच्या लांबीत वारा जवळजवळ वाहतच नाही.

त्यासाठी चार इमारती उठल्या. दोन्ही काठांवर एकेक, आणि नदीतच पायावर उभ्या अशा आणखी दोन. आत ८४ पंखे, ४२ हवा लोटणारे आणि ४२ ओढणारे. एका वेळी सगळे चालवायची गरज पडू नये, काही कायम राखीव असावेत, असा हिशेब होता. वीज दोन्ही राज्यांतून घेतली, म्हणजे एका काठावर अंधार झाला तरी पंखे थांबणार नाहीत. सगळे मिळून मिनिटाला एक लाख घनमीटरांहून जास्त हवा हलवू शकत. बोगद्यातली सगळी हवा दीड मिनिटात बदलत असे. मॅनहॅटनच्या रस्त्यावरच्या हवेपेक्षा नदीखालची हवा बरी, असे पुढे लोक गमतीने म्हणू लागले.

खोदकाम ऑक्टोबर १९२० मध्ये सुरू झाले. ते चालू असताना, मे १९२४ मध्ये, पिट्सबर्गहून एक बातमी आली. तिथला लिबर्टी हा डोंगरातला जोडबोगदा त्याच वर्षी जानेवारीत खुला झाला होता. पंख्यांचे काम अजून व्हायचे होते, पण रस्ता तयार आहे तर अडवायचा कशाला, म्हणून वाहतूक सोडली. १० मे रोजी शहरातल्या ट्रॅमचा संप होता. सगळे शहर मोटारींतून निघाले आणि बोगद्यात गाड्या अडकल्या. इंजिने चालूच. लोक चाकामागे झिंगू लागले, बेशुद्ध पडले. अनेकांना ओढून बाहेर काढावे लागले. जिथल्या प्रयोगशाळेने मोटारींचा धूर तपासून हॉलंडला आकडे दिले, त्याच शहरात हे घडले. हडसनच्या पंख्यांवरचा खर्च ज्यांना उधळपट्टी वाटत होता त्यांची तोंडे त्यानंतर बंद झाली असावीत.

हॉलंडला शेवट पाहायला मिळाला नाही. पाच वर्षे त्याने काम अंगावर घेतले होते. दोन्ही काठांकडून येणारे नळ जुळायची वेळ जवळ आली तेव्हा तो पार खचला होता. विश्रांतीसाठी त्याला मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात पाठवले. तिथेच २७ ऑक्टोबर १९२४ रोजी हृदय बंद पडून तो गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी. दोनच दिवसांनी मधला शेवटचा खडक फुटला. राष्ट्राध्यक्ष कूलिज वॉशिंग्टनहून कळ दाबणार होते. तो समारंभ रद्द झाला. बोगद्याला हॉलंडचे नाव दिले गेले. त्याच्या जागी आलेला मिल्टन फ्रीमन मार्च १९२५ मध्ये न्युमोनियाने गेला आणि मग सूत्रे सिंगस्टाडच्या हाती आली. आज बोगदा म्हटला की हॉलंड आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या आडव्या वाऱ्याची नक्कल पुढे जगभर झाली तो सिंगस्टाडचा, आणि बहुतेक प्रवाशांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

१२ नोव्हेंबर १९२७ रोजी उद्घाटन झाले, हजारो लोक या काठावरून त्या काठावर चालत गेले, आणि मध्यरात्रीनंतर गाड्या सुटल्या. पहिल्या दिवशी ५१,६९४ वाहने. मोटारीचा टोल ५० सेंट. आतल्या पदपथावर पोलीस उभे, जागोजाग टेलिफोन, दोन्ही तोंडांशी बंद गाडी ओढून नेणारे तयार ट्रक. कार्बन मोनॉक्साइड मोजणारी यंत्रे वायू नोंदत आणि त्यावरून पंख्यांचा वेग ठरे. श्वासाचा प्रश्न सुटला होता.

आगीचा सुटला आहे की नाही, हे कळायला २२ वर्षे लागली. १३ मे १९४९, शुक्रवार. सकाळी पावणेनऊच्या सुमारास न्यू जर्सीकडून आलेला एक ट्रक दक्षिण नळात शिरला. त्यात कार्बन डायसल्फाइडची ८० पिंपे होती. शंभर अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकणारे हे रसायन. गरम नळीचा स्पर्शही त्याला पुरतो. असा माल बोगद्यातून न्यायला मनाई होती, पण टोलनाक्यावर ट्रकमध्ये काय आहे ते कोणी उघडून पाहत नसे. ट्रक पेटला, मागचे ट्रक एकामागून एक पेटले. दहा ट्रक जळून खाक झाले, आणखी तेरांना झळ बसली, शेकडो फूट छत आणि भिंतीच्या फरश्या कोसळल्या. तिथल्या ओढणाऱ्या तीन पंख्यांपैकी दोन उष्णतेने बंद पडले. तिसऱ्यावर पाणी मारून तो चालू ठेवला गेला.

६६ जण जखमी झाले. त्या दिवशी बोगद्यात कोणीही मेले नाही. धुराने घुसमटलेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी काही महिन्यांनी गेला. ५६ तासांत वाहतूक पुन्हा सुरू झाली.

एवढ्या आगीतून इतके लोक वाचले कसे? एक तर वाहतूक एकाच दिशेची होती. आगीच्या पुढच्या गाड्या निघून गेल्या. मागच्यांना मागे फिरवता आले, चालवत बाहेर काढता आले. दुसरे, धूर छतातून वर ओढला जात होता, त्यामुळे मागे अडकलेल्यांच्या अंगावर तो सगळाच्या सगळा आला नाही. हॉलंडचे दोन स्वतंत्र नळ आणि सिंगस्टाडचा आडवा वारा, दोन्ही श्वासासाठी आणि वाहतुकीसाठी केलेल्या गोष्टी, आगीच्या दिवशी कामी आल्या. पण आगीसाठी म्हणून त्या आखल्या गेल्या नव्हत्या. मोटारीच्या धुरावर वर्षानुवर्षे प्रयोग केले गेले; पेटलेल्या ट्रकच्या धुरावर तेवढ्या बारकाईने कोणी केले नाहीत. दैवाने साथ दिली, म्हणून हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही.

आणखी एक फरक टोलनाक्याच्या खिडकीत बसला होता. येलचा आकडा तासाभराच्या प्रवाशासाठी होता. जो रोज आठ तास धुरात उभा राहतो त्याचे काय? न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स-मिडटाउन आणि ब्रुकलिन-बॅटरी या बोगद्यांवर, म्हणजे सिंगस्टाडच्याच पुढच्या कामांवर, टोल घेणाऱ्या आणि आत गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुलांवर काम करणारे आणि बोगद्यांवर काम करणारे असे साडेपाच हजारांवर कर्मचारी त्यात धरले होते. बोगद्यांवर काम केलेल्यांत हृदयविकाराने ४५ मृत्यू अपेक्षित होते, झाले ६१. पुलांवरच्या कर्मचाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. त्याच पगाराचे, त्याच गणवेशातले लोक, फक्त हवा वेगळी. वरून स्वच्छ हवा सोडून आतला दाब थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे बाहेरचा धूर खिडकीतून आत शिरत नाही, ही टोलच्या खोक्यांची रचना अशा नोंदींनंतर चैन राहिली नाही.

आगीच्या धुराचे प्रयोग अखेर झाले ते १९९३ ते १९९५ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियात. बॉस्टनला शहराखालून महामार्ग न्यायचा होता आणि तिथे आडव्या वाऱ्याच्या वाहिन्यांऐवजी छताला टांगलेले जेट पंखे चालतील का, यावर वाद होता. बंद पडलेला मेमोरियल बोगदा त्यासाठी हाती आला. साडेआठशे मीटर लांबीच्या या बोगद्यात ९८ वेळा आग लावली गेली, मोठ्यात मोठी १०० मेगावॉटपर्यंत, म्हणजे इंधनाचा टँकर पेटल्यासारखी. दिसले ते असे. गरम धूर आधी छताला लागून पसरतो, खाली काही वेळ श्वास घेण्याजोगी हवा उरते. वारा फार मंद असला तर धूर वाऱ्याच्या उलट दिशेने मागे सरकतो आणि अडकलेल्या गाड्यांवर येतो. सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने हवा ढकलली तर तो मागे येत नाही. मात्र हे करायचे फक्त तिथे, जिथे धुराच्या दिशेला माणसे नाहीत. नाहीतर तोच वारा खालची हवा ढवळतो आणि धूर जमिनीपर्यंत आणतो.

हे न पाळल्याची किंमत चार वर्षांनी आल्प्समध्ये मोजावी लागली. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा माँ ब्लां बोगदा १९६५ चा, ११.६ किलोमीटर लांब, एकच नळ, दोन्ही दिशांची वाहतूक त्यातूनच. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्सच्या बाजूने पीठ आणि मार्गारीन घेऊन निघालेला एक ट्रक सहा किलोमीटर आत जाऊन पेटला. मार्गारीन म्हणजे घट्ट तेलच. बोगद्याचा अर्धा भाग एका कंपनीच्या ताब्यात आणि अर्धा दुसरीच्या. नियंत्रण कक्ष दोन, योजना दोन. फ्रान्सच्या बाजूने धूर ओढायचा प्रयत्न सुरू झाला. इटलीच्या बाजूला जी वाहिनी धूर ओढण्यासाठी उलटवता आली असती, तिच्यातून ताजी हवाच आत लोटली जात राहिली. धूर फ्रान्सकडे गेला, आणि अडकलेल्या बहुतेक गाड्या तिकडेच होत्या. आग ५३ तास जळत होती. ३९ माणसे मेली, बहुतेक आपापल्या वाहनांत. इटलीच्या बाजूचा सुरक्षारक्षक पिएरलुचो तिनाझ्झी मोटारसायकलवर आत गेला होता. एका ट्रकचालकाला घेऊन तो आसऱ्याच्या खोलीत शिरला आणि तिथेच दोघे गेले. खोलीला दार होते, बाहेर निघायची दुसरी वाट नव्हती.

पंखे नव्हते म्हणून हे झाले नाही. पंखे होते, पण कोणता कोणत्या दिशेने फिरवायचा याचा निर्णय एका हाताचा नव्हता. २००५ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने तेरा जणांना आणि संस्थांना दोषी ठरवले. बोगदा २००२ मध्ये पुन्हा उघडला तो एकच नियंत्रण कक्ष, दर १०० मीटरवर धूर ओढणाऱ्या झडपा आणि दर ३०० मीटरवर आसऱ्याच्या खोल्या घेऊन. खोलीतून आता रस्त्याखालच्या ताज्या हवेच्या वाहिनीतून बाहेर पडता येते. आत शिरण्याआधी ट्रकची उष्णता तपासली जाते. युरोपीय संघाने २००४ मध्ये ५०० मीटरहून लांब बोगद्यांसाठी नियम केले.

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडपच्या बोगद्यांतून जाताना छताला लोंबणारे पंखे दिसतात ते जेट पंखेच. मुंबईच्या किनारी रस्त्याचा, मलबार हिलखालून जाणारा दोन किलोमीटरचा जोडबोगदा २०२४ मध्ये खुला झाला. तिथे आत पंखे दिसत नाहीत. तोंडाशी बसवलेल्या मोठ्या पंख्यांनी तिरक्या झोताने हवा आत सोडली जाते. ही साकार्डो पद्धत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कोळशाच्या इंजिनांचा धूर बाहेर काढायला निघालेली. दोन वेगळे नळ, एकेका दिशेची वाहतूक आणि मध्ये दोन्ही नळांना जोडणाऱ्या वाटा, हे हॉलंडच्या आग्रहाचे आजचे रूप म्हणायला हरकत नाही.

एवढे लक्षात असू द्या. बोगद्यात पुढे धूर दिसला तर गाडी कडेला लावा, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच राहू द्या म्हणजे बंबवाल्यांना ती हलवता येईल. काचा लावून आत बसू नका आणि सामानासाठी मागे फिरू नका. हिरवा दिवा असलेल्या दाराकडे चालत जा आणि पलीकडच्या नळात निघा.